तोई की तुई

खिडकीची काच अर्धी खाली होती, एवढंच झालं. दोनशेऐंशी नंबरच्या हायवेवर गाडी चालली होती, दोन्ही बाजूंना वाळक्या गवताच्या टेकड्या, मागच्या सीटवर माझे सासरे मांडीवर टोपी घेऊन बसलेले, शेजारी माझी बायको लुआ. मी तिला विचारलं, "यू कोल्ड?" आणि ती म्हणाली, "तोई बरी आहे." किंवा म्हणाली, "तुई बरी आहे." मधला स्वर वाऱ्यानं उचलला आणि मागच्या एखाद्या ट्रकवर नेऊन टाकला. मी काच वर केली. आता गाडीत इतकी शांतता झाली की मुंगी शिंकली असती तरी ऐकू आलं असतं, पण लुआ आपलं वाक्य बोलून मोकळी झाली होती आणि बाहेर बघत होती.

आमच्या व्हिएतनामी भाषेत नुसता 'मी' नसतो. माणूस आधी समोरच्याचा कोणीतरी होतो आणि मग तोंड उघडतो. आईसमोर मी लेकरू, धाकट्या भावासमोर दादा, भाचीसमोर मामा. एकट्यानं स्वतःशी बोलताना काय व्हायचं, ह्याची सोय भाषेनं केलेली नाही. त्यामुळे मी स्वतःशी इंग्रजीत बोलतो. नवराबायकोत नवरा 'आन्ह' आणि बायको 'एम'. शब्दशः घेतलं तर दादा आणि धाकटी, पण शब्दशः घेऊ नये, लोक काय म्हणतील. लग्न झाल्यापासून लुआ घरभर एम असते. एमला भूक लागली, एमची चप्पल कुठाय, एम दमली. तोई हासुद्धा 'मी'च, पण तो बँकेतला, कोर्टातला, बातम्या वाचणाऱ्या बाईचा. बायकोनं नवऱ्यासमोर तोई म्हटलं की समजायचं, तिनं स्वतःला नात्यातून उचलून बाजूला ठेवलं. कपडे, भांडी, बँकेतले पैसे ह्यांची वाटणी नंतर होते. आधी हे होतं. पण लुआ सा देकची. तिकडे मेकाँग नदी समुद्राला मिळायच्या आधी जिथं फाकते तिथं ह्या तोईचा एक गावठी, लाडावलेला भाऊ राहतो: तुई. तुई म्हणजे फुरंगटणं. 'तुई नाही बोलणार, जा.' तुई म्हणणाऱ्या बायकोला आइस्क्रीम लागतं. तोई म्हणणाऱ्या बायकोला वकील. मध्ये फक्त ओकार आणि उकार. माझा जन्म सॅन होजेचा, माझ्या कानांचाही.

आणि मंगळवारी बा परत चालले होते. सासऱ्यांना मी बा म्हणतो, वडिलांना म्हणतात तसं. सा देकला त्यांची फुलझाडांची वाडी आहे, शेवंतीची रोपं लावायचे दिवस जवळ आले होते, आणि शेवंती कोणासाठी थांबत नाही. तीन आठवड्यांपूर्वी लुआ ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली होती, "एम पण बाबरोबर जाऊन येते थोडे दिवस." मी मान हलवली होती. जाऊन येते. त्यातल्या 'येते'वर मी तीन आठवडे उशीसारखं डोकं ठेवून झोपलो. पण एम जाऊन येते ते ठीक आहे, एमला यावंच लागतं, आन्हशिवाय एम कोणाची? तुई जाते तीही येते, उलट जरा लवकरच येते, कोणी समजूत काढायला आलं नाही म्हणून चिडून येते. तोईला मात्र कुठंच परत यायचं नसतं. तोई पूर्ण शब्द आहे. म्हणजे मंगळवारच्या आत मला एक स्वर ओळखायचा होता आणि त्यावर माझं घर अवलंबून होतं. ह्या प्रदेशात लोक ह्याहून लहान गोष्टींवर कंपन्या काढतात, हे खरं, पण त्यांच्याकडे माणसं असतात कामाला.

"दरी कधी येणार?" बांनी मागून विचारलं.

"आपण दरीतच आहोत, बा."

"मग दिसत का नाही?"

बांचा जन्म सपाट मुलखातला. तिकडे उंच म्हणजे पूल. कॉम्प्युटर कंपन्यांची ती जगप्रसिद्ध दरी बघायला ते समुद्र ओलांडून आले होते आणि दोन महिने आमच्या दोन खोल्यांत बसून गॅलरीतून समोरचं पार्किंग बघत होते. मी कामात होतो. मी नकाशांच्या कंपनीत आहे. कुठला रस्ता निसर्गरम्य ते ठरवणं आणि त्याला नकाशावर हिरवी रेघ देणं, हे माझं काम. पडद्यासमोर बसून मी डोंगर, किनारे, अरण्यं हिरवी केलेली आहेत, कित्येक ठिकाणी लोक माझ्या रेघेवरून जाऊन लग्नाची मागणी घालून आलेले आहेत. मी स्वतः त्यातल्या एकाही रस्त्यानं गेलो नव्हतो. लुआ पहिल्या वर्षी म्हणायची, चल ना, त्या वरच्या रस्त्यानं जाऊ, आणि मी म्हणायचो, बघितलाय मी. ते खोटं नव्हतं. बांना मी माझं काम सांगितलं होतं की मी रस्ते हिरवे करतो, आणि बांनी गावी फोन करून सांगितलं होतं की जावई झाडं लावतो.

पहिला थांबा फलकाचा होता. एका प्रचंड कंपनीच्या दाराशी तिच्या नावाचा फलक आहे. आत कोणाला सोडत नाहीत, म्हणून जगभरातून माणसं येऊन त्या फलकासमोर रांग लावतात, एकेक जण पुढं होऊन अंगठा वर करतो, फोटो काढतो आणि समाधानानं निघून जातो. बा रांगेत उभे राहिले. त्यांना रांगेची सवय आहे, कशासाठी ते नंतर विचारतात. "आत काय बनवतात?" त्यांनी विचारलं. मी विचार केला. "लोकांना एकमेकांशी बोलता यावं, अशी व्यवस्था," मी म्हणालो. बांनी रांगेकडे बघितलं. रांगेत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. "अजून झाली नाही वाटतं," बा म्हणाले. लुआ हसली असावी, पण तिनं तोंडावर ओढणीसारखा धरलेला जाड रुमाल होता, उन्हासाठी, आणि रुमालामागं माणूस हसतो की दात कोरतो ते कळत नाही. मग बा फलकाला वळसा घालून मागं गेले. मागच्या बाजूला अजून एक नाव होतं. आधी त्या जागेत दुसरी एक कंपनी होती, तीही प्रचंड, ती बुडाली. नवीन आले त्यांनी फलक काढला नाही, नुसता उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहिलं. "माझा फोटो इथं काढ," बा म्हणाले. मला वाटलं, काहीतरी खोल बोलणार. "इकडे सावली आहे."

मी फोटो काढला, पण माझं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. नाव असं मागच्या बाजूला जिवंत राहतं, नुसतं फिरवलं की झालं. लुआच्या एमच्या पाठीमागं कधीपासून तोई लिहिलेलं असेल? की कालच रात्री, मी घोरत असताना, कोणी येऊन फिरवलं?  आणि मी ठरवलं, तिच्याकडून 'मी' वदवून घ्यायचा. सोपं आहे. असा प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर 'मी' शिवाय देता येत नाही.

"हू वॉन्ट्स कॉफी?" मी विचारलं.

लुआनं हात वर केला.

गाडीत बसल्यावर विचारलं, "यू टायर्ड?"

"नाही."

"पाय दुखतायत का?" हे मी मुद्दाम आमच्या भाषेत विचारलं.

"कोणाचे?" ती म्हणाली.

आता इथं मी म्हणायला हवं होतं, एमचे. एवढंच. पण माझ्या तोंडातून आलं, "युअर्स." तिनं मान हलवली, म्हणजे दुखत नव्हते, आणि कॉफीचं झाकण उघडून फुंकर घातली. आमच्या भाषेत कर्त्याशिवाय आयुष्य काढता येतं हे मला माहीत होतं, पण इतक्या सफाईनं काढता येतं हे त्या दिवशी कळलं. भूक नाही. चालेल. छान आहे. डावीकडे वळ. एकेक वाक्य घरमालक गावाला गेलेल्या बंगल्यासारखं: दिवा चालू, आत कोणी नाही.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते अशाच चुकीतून. मामेभावाच्या लग्नाला मी सा देकला गेलो होतो, आणि मामीनं मला झेंडू आणायला पाठवलं. तिथं फुलांच्या कुंड्या पाण्यावर बांबूच्या मांडवावर ठेवतात आणि माळी खालून होडीनं फिरतात. लांबून बघितलं तर माणसं फुलांत कमरेपर्यंत बुडालेली आणि सरकत चाललेली दिसतात. एका होडीत एक म्हातारी होती, गालांची पार सुपारी झालेली, आणि तिच्यामागं एक मुलगी. मी आईकडून शिकलेली सगळी भाषा गोळा केली आणि म्हातारीला म्हणालो, "एम, झेंडू कसे दिले?" आणि मुलीला म्हणालो, "आजी, तुमच्याकडे पिशवी आहे का?" मुलगी इतकी हसली की होडी हलायला लागली आणि म्हातारीनं काठ घट्ट धरून विचारलं, "काय म्हणाला गं तो मला?" "तुला धाकटी म्हणाला, आजी. लग्न करतोस का विचार त्याला." "हुंडा काय आहे विचार," म्हातारी म्हणाली. मग ती मुलगी, म्हणजे लुआ, होडी माझ्याजवळ घेऊन आली आणि तिनं मला शिकवलं, शेवंतीचं रोप शिकवावं तसं, बोटानं दाखवून: "ही आजी. मी एम. म्हण. ए-म. शेवटी ओठ मिटायचे." मी ओठ मिटले. मिटलेल्या ओठांनी जगात दुसरं काहीच बोलता येत नाही, त्यामुळे त्या क्षणी मी तिच्याशिवाय काहीच बोलत नव्हतो. त्यानंतर तीन दिवस मी गावभर एम म्हणत हिंडलो. मामीला वाटलं, पोरगा गुणगुणतोय.

ती इकडे आली. मेच्या दुपारी विमानतळाबाहेर उभी राहून म्हणाली होती, "एमला वास येत नाहीये. इथं कसलाच वास नाही." मी म्हणालो होतो, यू विल गेट यूज्ड टू इट. आता ती टोफूच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभी असते, तिच्या हातांना सोयाच्या दुधाचा वास येतो आणि ती घरी आल्यावर तळवे नाकाशी नेऊन बघते, असं मी खूपदा पाहिलंय. मला वाटायचं, तिला तो आवडत नाही.

दुसरा थांबा गॅरेजचा. पालो आल्टोतल्या एका झाडीच्या गल्लीत एक जुनं लाकडी गॅरेज आहे, हिरव्या दाराचं. तिथं फार पूर्वी दोन मुलांनी काहीतरी खटपट केली आणि त्यातून ही सगळी दरी निघाली म्हणतात. दार बंद असतं. लोक येतात आणि बंद दाराचा फोटो काढतात. आम्ही गेलो तेव्हा आधीच आठदहा माणसं होती, एक जर्मन कुटुंब, काही जपानी, एक कॅलिफोर्नियाचाच म्हातारा कुत्र्यासकट. बांनी टोपी काढली. त्यांनी पाटी बघितली, समोरची फुलं बघितली, माणसं हळू आवाजात बोलतायत हे बघितलं, आणि जे कोणीही शहाणा माणूस समजेल तेच ते समजले. त्यांनी चप्पल काढली, तळवे जोडले आणि गॅरेजला तीनदा वाकून नमस्कार केला. "बा," मी म्हणालो, "हे देऊळ नाही." "गप," बा म्हणाले, "नवस बोलतोय." शेजारच्या जर्मन बाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पाटी परत वाचली, कुठं सूचना राहून गेली की काय म्हणून. मग त्यानं बूट काढले. थोड्याच वेळात सगळी माणसं एकामागून एक वाकत होती. कुत्र्याच्या म्हाताऱ्यानं कुत्र्याचंही डोकं दाबलं. आणि लुआ हसली. रुमाल खाली पडला, ती गुडघ्यांवर हात ठेवून हसली, होडी हलवणारं ते हसणं, आणि त्या हसण्यातच म्हणाली, "आई गं, तु—" आणि पुढं तिला बोलताच येईना.

तु. मी स्पष्ट ऐकलं. निदान सुरुवात ऐकली. मी तिच्याकडे गेलो आणि विचारलं, "व्हॉट? यू व्हॉट?" पण ती डोळे पुसत म्हणाली, "काही नाही," आणि तिनं रुमाल उचलून झटकला. तु म्हणजे तुईची सुरुवात असेल. किंवा आमच्या भाषेतल्या कपाटाची. तुरुंगाची. 'तु'पासून आमच्याकडे शेकडो शब्द सुरू होतात, ते मी गाडी सुरू करताना मनातल्या मनात आठवत गेलो, आणि त्यांतला एकही मला नको होता.

"काय नवस बोललात?" लुआनं बांना विचारलं.

"सांगितला तर फळत नाही," बा म्हणाले. "पण खर्च देवाला फार नाही."

मग आम्ही डोंगरावर निघालो. दरीच्या पश्चिमेला कण्यावरून जाणारा तो रस्ता, तो माझा आहे. म्हणजे हिरवी रेघ माझी. फोनमधली बाई म्हणाली, "तुम्ही निसर्गरम्य मार्गावर आहात," आणि ते वाक्यही आमच्या टीमनंच लिहिलेलं. वर जाताना बा पुढं येऊन बसले, त्यांना वळणांवर मळमळतं म्हणून, आणि लुआ मागं गेली. त्यामुळे मला ती आता फक्त आरशात दिसत होती, आरशात अर्धी, अर्धी म्हणजे एक डोळा आणि कान. मी त्या कानाशी बोलत राहिलो. विनोद केले. मी विनोदी माणूस आहे, ऑफिसात सगळे म्हणतात. निरोपसमारंभाला भाषण मलाच करायला लावतात. मी सांगितलं की ह्या वळणावरून जी दरी दिसते तिच्यासारखी दरी दुसऱ्या कुठल्याच दरीत नाही. कान हलला नाही. बाहेर उंच लाल झाडं होती, खोडांतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या, मग पट्ट्या पांढऱ्या झाल्या, मग झाडंच पांढरी झाली. समुद्राकडून धुकं वर चढलं होतं. जूनमध्ये ते रोज चढतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण माझ्या पडद्यावर हवामान नसायचं. दिवे लावून मी माणसाच्या चालीनं गाडी चालवत होतो आणि फोनमधली बाई मधूनमधून सांगत होती की निसर्गरम्य मार्ग अजून चालू आहे.

उतरलो तिथं एक लाकडी बाक होतं आणि कठड्याला पाटी, की इथून सगळी दरी दिसते. पुढं पांढरं. बांनी पाटी कशाबद्दल आहे ते विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पांढऱ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. लुआनं डबा उघडला. तिनं दाबून केलेल्या भाताच्या वड्या आणल्या होत्या आणि तीळ-मीठ कुटून. वाटून देताना "बा, घ्या" म्हणाली, आणि मला नुसता हात पुढं केला. मग ती हात धुवायला नळाकडे गेली आणि धुक्यानं तिला पाठीकडून मिटवत नेलं, आधी पाय, मग केस.

बा खात होते. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरा, एक विचारू का? राग नको मानू."

"विचारा ना, बा."

"मी आलो ना, तेव्हा मला वाटलं, यू हे तिचं इकडचं नाव आहे."

मी वडी तशीच हातात धरली.

"तू सकाळी यू म्हणायचास, रात्री यू म्हणायचास. यू ईट. यू स्लीप. मला वाटलं, लुआ म्हणायला जड जात असेल, म्हणून लाडाचं नाव ठेवलं असेल. तुझ्या सासूला मी फोनवर सांगितलंसुद्धा, जावई तिला यू म्हणतो. ती म्हणाली, छान आहे, तोंडात बसतंय." त्यांनी तिळाचं बोट चाटलं. "मग परवा दुकानात गेलो, तर गल्ल्यावरची पोरगी मला म्हणाली, यू. मी म्हटलं, अरेच्चा. मग दाराशी तो सामान तपासणारा, तोही मला यू. येताना एक माणूस कुत्र्याला म्हणत होता, यू, यू. तेव्हा कळलं."

"इंग्रजीत सगळ्यांना तेच म्हणतात, बा. त्यात काही—"

"हो ना," बा म्हणाले. "सगळ्यांनाच म्हणतात." आणि ते उठले, पांढऱ्याकडे गेले, कठड्याला दोन्ही हात लावून उभे राहिले. "बघतो, दरी आली का."

मी बाकावर बसून राहिलो आणि आठवायला लागलो. मी शेवटचं आन्ह कधी म्हणालो? काल नाही. बा आले तेव्हापासून नाही, ते साक्षीदार होते. मी मागं मागं जात राहिलो, घर बदललं तो दिवस, तिचा गाडी चालवण्याचा परवाना आला तो दिवस, तिला ताप आला ती रात्र. प्रत्येक ठिकाणी मी उभा होतो आणि आय म्हणत होतो. आय नो. आय सेड आय अ‍ॅम सॉरी. सोपं पडतं म्हणून सुरू झालं असेल, दिवसभर ऑफिसात तेच, घरी आल्यावर जीभ कोण बदलणार, चपला बदलल्या तेच खूप. आणि ती समोरून एम म्हणत राहिली, रोज, पिंपात टाकलेल्या खड्यासारखा एकेक एम, आणि पाण्याचा आवाज यायची वाट बघत राहिली. आन्ह नाही तर एम कोणाची, हे मी सकाळी स्वतःच म्हणालो होतो. मी दिवसभर जो स्वर शोधत होतो तो ओ असो की उ असो, फलक आधी मी फिरवलेला होता.

लुआ धुक्यातून परत आली. आधी केस, मग पाय. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि डब्याचं झाकण लावायला लागली.

"दिस मॉर्निंग," मी म्हणालो, "इन द कार. तू तोई म्हणालीस की तुई?"

तिनं माझ्याकडे बघितलं.  तिच्या पापण्यांवर पाण्याचे बारीक ठिपके होते, ते धुक्याचे असतील. "सकाळपासून तेच चाललं होतं का?" ती म्हणाली.

"हो."

"ऐकू आलं नाही, तर तेव्हाच विचारायचं ना." ती थोडी हसली, आणि तिच्या हसण्यात माया होती, नव्हती असं मी म्हणणार नाही. मग तिनं डबा मांडीवर नीट ठेवला, पाठ सरळ केली आणि इंग्रजीत बोलली. सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देत. दुकानात मागच्या बाजूला टोफूचे ट्रे लावताना तिनं ते कितीदा तरी म्हणून बघितलं असणार, कारण एकही चूक नव्हती.

"आय अ‍ॅम गोइंग विथ बा."

मी पुढच्या शब्दांची वाट बघितली. जाऊन येते मधलं येते. पण इंग्रजीत जाणं तिथंच संपतं. आणि त्या आयमध्ये ओकार नव्हता, उकार नव्हता, त्यात शोधण्यासारखं काहीच नव्हतं. तो पोलिसाचा आय होता, बिलाच्या मशीनचा, फोनमधल्या बाईचा, माझा. मला एकदम तोईची आठवण आली. तोई चाललं असतं. तोई निदान आमच्या भाषेतलं भांडण होतं.

"यू टेक केअर," ती म्हणाली. "यू डोन्ट फरगेट टू ईट."

आता बोलायचं होतं. एकच शब्द, आन्ह. आमच्या भाषेत सहा चढउतार आहेत आणि ह्या शब्दाला त्यातला एकही लागत नाही, सपाट आहे, सा देकसारखा. बोलायला लागलेलं मूलसुद्धा म्हणतं. ती थांबली होती. खरंच थांबली होती, डब्यावर हात ठेवून, होडी थांबवावी तशी, मी काठावरून काय चूक बोलतो त्याची वाट बघत. चूकही चालली असती. मी तिला आजी म्हणालो असतो तरी चाललं असतं. माझं सगळं अंग त्या एका शब्दाच्या मागं उभं राहिलं आणि त्याला पुढं ढकलायला लागलं, आणि तोंड उघडलं.

"आय..." माझं तोंड म्हणालं.

आय म्हणताना ओठ मिटत नाहीत. तोंड तसंच उघडं राहिलं, त्यात धुकं गेलं.

"आय नो," लुआ म्हणाली. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तळव्याचा सोयाचा वास आला, आणि मग हात उचलला.

"पोरा!" कठड्यापाशी बा ओरडले. "ये, आमचा एक फोटो काढ. मंगळवारी कुठली दरी!"

ती त्यांच्याकडे गेली. दोघं कठड्याला टेकून उभी राहिली, बांनी टोपी नीट केली, लुआनं केस कानामागं घेतले. मागं पांढरं, खालीही पांढरं. कुठल्याही भिंतीसमोर काढला असता तरी हाच फोटो आला असता. मी फोन वर धरला. पडद्यावर चेहरे ओळखणारे पिवळे चौकोन उमटले, एक बांच्या चेहऱ्याभोवती, एक लुआच्या. आणि एक तिच्या शेजारी, आन्हच्या मोकळ्या जागेत, माणसाच्या उंचीवर. धुक्यात फोनला तिथं कोणाचा तरी चेहरा दिसत होता. चौकोन थरथरला, विझला, परत लागला.

"आली का दरी?" बांनी विचारलं.

"आली, बा," मी म्हणालो. "हलू नका."

बा आणि लुआ श्वास रोखून उभे राहिले. तिसऱ्यानंही रोखला असावा. मी बटण दाबलं नाही.